९७ मार्क आणि दोन वाक्यं

‘ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते. आठवीपासून शाळेत जर्मन घेतलं, यंदा दहावीला त्यात ९७ मार्क पडले. मे महिन्यात पप्पांच्या कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत जर्मनीहून एक गिऱ्हाईक आले होते. पप्पांनी कौतुकानं मला बोलावून घेतलं. मी नाव सांगितलं, वय सांगितलं आणि पुढे तोंडातून शब्द फुटेना. ते काय विचारत होते तेही कळलं नाही. फार लाज वाटली. अकरावी सायन्सला दुसऱ्या भाषेच्या जागी जर्मन घ्यायचं माझ्या मनात आहे. कॉलेजवाले म्हणतात, विषय घेता येईल, पण शिकवायला कुणी नाही. पप्पा म्हणतात आयटी घे, मार्कही पडतात आणि कामालाही येतं. पुण्याचे काका म्हणतात जर्मन सोडू नको, बारावी झाली की थेट जर्मनीला जा. मला ही भाषा मनापासून आवडते. पण त्या दिवसापासून वाटतंय, मला काहीच येत नाही. काय करू? ते पाहुणे दिवाळीनंतर परत येणार आहेत.’

प्रिय लेकी,

तुझ्या पत्रातलं ‘मला काहीच येत नाही’ हे वाक्य आधी खोडून टाक. तीन वर्षं शाळेत तू जे केलंस ते लिहून करायचं काम होतं आणि ते तू उत्तम केलंस. गाळलेल्या जागा, पत्रलेखन, उताऱ्यावरचे प्रश्न. पण चाळीस जणांचा वर्ग आणि पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास धरला, तर बाई एक शब्दही बोलल्या नाहीत तरी एकेकाच्या वाट्याला बोलायला एक मिनिट येतं. म्हणजे फाउंड्रीत त्या दिवशी तू पहिल्यांदाच खऱ्या माणसाचं खऱ्या वेगातलं जर्मन ऐकलंस, तेही भट्टीच्या आवाजात. कुणाचंही तेच झालं असतं. पुण्याला जर्मन शिकायला गेले तेव्हा माझंही झालं होतं. माझ्या वहीत व्याकरणाची एक चूक सापडत नव्हती, आणि बाईंनी ‘काल काय केलंस’ एवढं विचारल्यावर मी खाली मान घालून बसले. आज मिरजेत इतकी वर्षं शिकवतेय, पण तो तास अजून आठवतो. म्हणून तुला सांगते, त्या लाजेवरून विषय सोडायचा की धरायचा हे ठरवू नकोस.

आता अकरावीचं. स्टेट बोर्डाला सायन्सला इंग्रजी सक्तीचं, आणि दुसऱ्या भाषेच्या जागेवर मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मनसारखी परदेशी भाषा नाहीतर आयटी. पप्पांना एक गोष्ट शांतपणे सांग: इंजिनीअरिंगचा प्रवेश सीईटीवर होतो आणि तिथे ना जर्मनचे मार्क धरतात ना आयटीचे. त्यामुळे ‘कशात जास्त पडतात’ हा प्रश्न या जागेपुरता तरी फार मोठा नाही. आयटी वाईट विषय नाही. पण त्यातलं जे तुला पुढे लागेल ते तू कुठल्याही सुट्टीत शिकशील. भाषेचं तसं नसतं. सोळाव्या वर्षी दोन वर्षांचा खाडा पडला की शब्द गळून जातात आणि विशीत पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. असे विद्यार्थी माझ्याकडे दरवर्षी येतात.

तरीही विषय घेण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात तुम्ही दोघं जाऊन या आणि नीट विचारा. हा विषय कॉलेजला मान्य आहे का? बारावीचा बोर्डाचा फॉर्म या विषयासह भरला जाईल का? भाषेला ८० मार्कांची लेखी आणि २० मार्कांची तोंडी असते, ती तोंडी कोण घेणार? याची उत्तरं ‘बघू’, ‘होऊन जाईल’ अशी आली तर कागदावर जर्मन घेऊ नकोस. शिकवणारं कुणी नाही हे चालेल, परीक्षा घेणारं कुणी नाही हे चालणार नाही. तसं झालं तर त्या जागेवर मराठी घे. आयटी नको, मराठी घे. का, ते पुढे सांगते. आणि जर्मन कॉलेजच्या बाहेर चालू ठेव.

कारण खरं सांगायचं तर तुझा विषय कॉलेजच्या मार्कलिस्टवर ठरत नाही. तो बी१ या पायरीवर ठरतो. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए२पर्यंत माणूस ठरलेली वाक्यं बोलतो. बी१ला पहिल्यांदा तो स्वतःच्या मनातलं सांगायला लागतो, का आवडलं, का पटलं नाही, काल काय घडलं. दहावीपर्यंत शिकलेलं बहुतेक ए१ आणि ए२च्या मध्ये कुठेतरी असतं, मार्क कितीही असोत. अकरावी-बारावीत जर्मन ‘वरच्या पातळीवर’ शिकायचं म्हणजे माझ्या लेखी बी१ गाठायचं, एवढंच.

त्याला किती वेळ लागतो? जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथं इन्स्टिट्यूटचा अंदाज असा की शून्यापासून बी१पर्यंत ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास. तुझं ए२ पक्कं करून पुढे जायला साधारण ३०० तास धर, म्हणजे घड्याळाचे २२५. अकरावीच्या जूनपासून बारावीच्या दिवाळीपर्यंत जवळजवळ सत्तर आठवडे मिळतात. रोज अर्धा तास दिलास तर २४५ तास होतात. दिवाळीनंतर जर्मनची वही बंद, बोर्ड आणि सीईटी सुरू. हे गणित पप्पांसमोर कागदावर मांड. फाउंड्री चालवणारा माणूस आकड्यांचं ऐकतो.

आता मराठीचं. हे मी वर्गात पहिल्या दिवशी सांगते आणि पोरं दचकतात: जर्मन शिकायला मराठी माणसाइतकी तयारी फार थोड्यांची असते. अडचण एवढीच की आपण जर्मन इंग्रजीतून शिकतो. पुस्तक इंग्रजीतून समजावतं, बाई इंग्रजीतून समजावतात, आणि आपल्याकडे घरात असलेली गोष्ट आपण बाहेरून उसनी आणतो.

लिंगं बघ. नामाआधी लिंग दाखवणारे देअर, दी, दास पाठ करताना सगळे रडतात. इंग्रजीला वस्तूंची लिंगं नाहीत, हिंदीला दोनच आहेत. आपल्याला तीन आहेत: तो, ती, ते. दगड तो, भिंत ती, घर ते, हे तुला कुणी पाठ करायला लावलं नाही. घर, पुस्तक, पाणी, मूल हे चारही शब्द जर्मनमध्येसुद्धा नपुंसकलिंगीच आहेत: दास हाउस, दास बूख, दास वासर, दास किंट. सगळे जुळत नाहीत, आपला सूर्य पुरुष आणि त्यांचा स्त्री, आपलं झाड ‘ते’ आणि त्यांचं ‘तो’. शब्द पाठच करावे लागतात, पण नपुंसकलिंग म्हणजे काय हे मुळात समजून घ्यावं लागत नाही. ‘मेटशेन’ म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसकलिंगी, हे इंग्रजीतून शिकणाऱ्याला विचित्र वाटतं. त्या शब्दाच्या शेवटी लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे, आणि तो लागला की जर्मनमध्ये शब्द नपुंसकलिंगीच होतो. आता लेकरू, पोरगं, पिल्लू, कोकरू, वासरू म्हणून बघ. लेकरू मुलगी असो की मुलगा, आपण ‘ते लेकरू’च म्हणतो.

‘मला थंडी वाजते’ हे जर्मनमध्ये ‘मिअर इस्ट काल्ट’. मिअर म्हणजे ‘मला’. चतुर्थी. इंग्रजीतून विचार करणारी मुलं ‘इश बिन काल्ट’ लिहितात, ‘मी थंड आहे’, आणि त्याचा अर्थ भलताच होतो. मला आवडतं, मला चव लागते, मला मळमळतं, अशा जागी जर्मनही ‘मी’ म्हणत नाही, ‘मला’ म्हणतं. आपल्या आठ विभक्त्यांपुढे त्यांच्या चार आहेत. चतुर्थीसाठी पुस्तकात येणारा ‘डेटिव्ह’ हा शब्द विसर आणि ‘कुणाला?’ विचार.

वाक्यातला क्रमही तसाच. ‘की बाबा उद्या मिरजेला जातात’ हे जर्मनमध्ये शब्दाला शब्द ठेवून होतं: आधी ‘की’साठी दास, मग बाबा, मग उद्या, मग मिरजेला, आणि क्रियापद सगळ्यात शेवटी. वेळ आधी, ठिकाण नंतर, हाही आपलाच नियम. तुझ्या पुस्तकात ‘गौण वाक्यात क्रियापद शेवटी’ म्हणून चौकट दिली असेल. ती चौकट इंग्रजांसाठी आहे. तू फक्त मराठी वाक्य मनात म्हण. मुख्य वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी येतं, तिथे जपायचं.

आकडे! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असं वाचायला दिलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. जर्मन मुलं आजही आपल्यासारखीच उलटी वाचतात. पंचवीस म्हणजे फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश, पाच आणि वीस. फोन नंबर घेताना इंग्रजीतून शिकलेला माणूस इथे हमखास अडखळतो. तू अडखळू नकोस.

आणि उच्चार. जर्मनमध्ये इंग्रजीतल्या शेवटच्या अक्षराचा, झेडचा, जो उच्चार आहे तो आपल्या ‘चाळ’, ‘चमचा’मधला च आहे. ‘चहा’मधला नव्हे. हिंदी बोलणाऱ्यांना हा ध्वनी शिकवायला आठवडा जातो. आगगाडीला जर्मनमध्ये जो शब्द आहे तो कानाला हुबेहूब आपल्या ‘चूक’सारखा लागतो. एवढं सोपं. अवघड आहे ते दुसरंच: ओठ ‘ऊ’साठी गोल करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. हा स्वर मराठीत नाही, आरशासमोर उभं राहून करावा लागतो. विशेषणांचे शेवट बदलतात तेही मराठीच्या आधारानं पूर्ण येत नाहीत, तिथे सरावाला पर्याय नाही.

आदरार्थी बहुवचनसुद्धा आहे. आपण ‘आजोबा आले’ म्हणतो, एकाच माणसाला अनेकवचन. जर्मन ‘झी’ तेच करतं, परक्या मोठ्या माणसाला ‘ते’चं रूप. त्या पाहुण्यांशी तू ‘दू’ (तू) बोललीस का ‘झी’, ते पत्रात लिहिलं नाहीस. घाबरून ‘दू’ निघालं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस, पण पुढच्या वेळी ‘झी’.

म्हणून म्हटलं, कागदावर जर्मन जमलं नाही तर मराठी घे. ज्याला स्वतःच्या भाषेचं व्याकरण उघड्या डोळ्यांनी दिसतं त्याला जर्मन निम्म्या कष्टात येतं. माझ्या वर्गात हे वर्षानुवर्षं दिसत आलंय.

अभ्यास कसा करायचा ते थोडक्यात सांगते. पहिल्या आठवड्यात ग्योथंच्या संकेतस्थळावरची ए२ची नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळेल. डॉइच वेले ही जर्मनीची परदेशांसाठीची प्रसारण संस्था, तिच्या संकेतस्थळावर ए१पासून बी१पर्यंतचा अख्खा अभ्यासक्रम फुकट आहे, आणि सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासह आहेत. अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं ऐकायला दे. आधी न बघता ऐक, मग मजकूर समोर ठेवून, मग पुन्हा न बघता. उरलेल्या वेळात दोन मिनिटं फोनमध्ये स्वतःचं बोलणं रेकॉर्ड कर: आज काय झालं, कॉलेजात कोण भेटलं, आईनं डब्यात काय दिलं. दुसऱ्या दिवशी ऐकून चुका लिही. पहिला महिनाभर स्वतःचा आवाज ऐकवणार नाही. तरी ऐक. शाळेतली एखादी मैत्रीण जर्मन पुढे नेणार असेल तर आठवड्यातून एकदा तिच्याशी फोनवर पंधरा मिनिटं, मराठी-इंग्रजी बंद. शिकवणारी व्यक्ती महिन्यातून दोनदा मिळाली तरी पुरे, फक्त चुका दाखवायला. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात परदेशी भाषांचा विभाग आहे, तिथे एकदा जाऊन ये, सांगलीच्या आसपास कोण शिकवतं तेही तिथे कळेल.

बी१च्या परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार भाग असतात. प्रत्येक १०० मार्कांचा, ६० पडले की पास, आणि भाग सुटे देता येतात. सोयीचं आहे. अकरावीच्या मे महिन्यात वाचन आणि लेखन, बारावीच्या दिवाळीआधी ऐकणं आणि बोलणं. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, म्हणजे ग्योथंचंच केंद्र. परीक्षेच्या आदल्या दिवशी काकांकडे मुक्कामाला जा, पहाटेची गाडी पकडून थेट परीक्षेला जाऊ नकोस.

आणि एक पुस्तक तुझ्या घरातच आहे: पप्पांकडची ड्रॉइंग्ज. जर्मन गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असते. त्यात ‘वेर्कश्टोफ’ असेल, म्हणजे माल कुठला. ‘मासश्टाप’ असेल, म्हणजे मापाचं प्रमाण. जुन्या ड्रॉइंगवर ‘जीजी २५’ दिसेल, पप्पा ते रोज वाचत असतील. त्यातलं जीजी म्हणजे ग्राउगुस: ग्राउ म्हणजे करडा, गुस म्हणजे ओतीव. करडं ओतीव लोखंड, आपलं बीड. तोडलं की आतून करडं दिसतं म्हणून ते नाव. जर्मनचे लांबलचक शब्द असेच सामासिक असतात, विग्रह केला की अर्थ हाताला लागतो. बोल्टवर ‘डीआयएन’ वाचलं असशील, ती १९१७ साली सुरू झालेली जर्मन मानक संस्था, आणि तुझ्या वहीचा ए४ कागदसुद्धा १९२२ साली त्यांनीच ठरवलेल्या मापाचा. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासून या जिल्ह्यात लोखंड ओतलं जातंय. ती तुझ्या घरची भाषा आहे. रविवारी पप्पांशेजारी बस आणि एक ड्रॉइंग दोघं मिळून वाचा. त्यांना माल कळतो, तुला शब्द. आयटी की जर्मन हा वाद त्या टेबलावर जितका मिटेल तितका माझ्या पत्रानं मिटणार नाही.

काकांच्या म्हणण्याबद्दल मात्र मला सावध करायचं आहे. ‘बारावी झाली की थेट जर्मनी’ इतकं ते सरळ नाही. नुसत्या बारावीवर तिथल्या विद्यापीठात बहुतेकांना थेट पदवीला प्रवेश मिळत नाही, आधी श्टुडिएनकोलेग नावाचं साधारण वर्षभराचं तयारीचं शिक्षण करावं लागतं. सरकारी विद्यापीठांत पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मनमधून असतात आणि त्याला बी१ पुरत नाही, सहसा सी१च्या आसपासची भाषा मागतात. भारतातल्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२पासून एपीएसचं, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र लागतं. फी बऱ्याच ठिकाणी नाही हे खरं, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि राहण्या-खाण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात दाखवावे लागतात. म्हणजे दहा लाखांच्या वर. पदवी इथे करून मास्टर्सला जाणं तुझ्या घरासाठी जास्त बरं, असं मला वाटतं. तोवर तुझं जर्मन पक्कं झालेलं असेल.

आणि एजंट. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ‘सहा महिन्यांत जर्मनी’च्या पाट्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत. नर्सिंगची, आयटीआयची मुलं खरोखर जातात, चांगली राहतात, त्यांचा मला अभिमान आहे. पण माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी जमीन गहाण टाकून पैसे भरले होते आणि त्या मुलाला ए१सुद्धा नीट शिकवलेलं नव्हतं. भाषा येत नसताना कुणी तिकडची खात्री देत असेल तर त्याच्या दारातून परत फीर.

सायन्सकडे मन लागलं नाही आणि भाषाच पुढे न्यावीशी वाटली, तर तीही वाट आहे. दिल्लीच्या जेएनयूत आणि हैदराबादच्या इफ्लू या भाषांच्या विद्यापीठात जर्मनमध्ये बीए ऑनर्स होतं, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे. आत्ता ठरवायची गरज नाही.

दिवाळीनंतर पाहुणे येतील. तोवर एक वाक्य तोंडात बसव: ‘दार्फ इश ईनेन दी गीसेराय त्साइगेन?’ मी तुम्हाला फाउंड्री दाखवू का? ‘ईनेन’ म्हणजे तुम्हाला, चतुर्थीच. ‘दार्फ’ पुढे आलं तरी ‘दाखवणं’ हे क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. शेवटच्या शब्दाची सुरुवात चाळीतल्या च-नं. ते हो म्हणतील आणि चालायला लागतील, मग तू एकेका वस्तूकडे बोट दाखवून नाव सांग: भट्टी, वाळू, साचा, बीड. हे चार शब्द त्या आधी पप्पांच्या ड्रॉइंगमधून आणि शब्दकोशातून शोधून ठेव. ते काही विचारतील आणि कळलं नाही तर ‘बिटं लांगझामर’ म्हण, ‘जरा सावकाश बोला’. मग काय झालं ते मला कळव.

तुझी
ताई